पंचवीसच्या वर नाही

उद्या गाडी उघडणार आहेत असं धाकूने मागीलदारी येऊन सांगितलं तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते, आणि माझ्या हातून सूप असं काही कलंडलं की निवडलेले आणि न निवडलेले सगळे एक झाले. धाकू आमच्याकडचा जुना गडी. मला ऐकू गेलं नाही असं वाटून तो पुन्हा म्हणाला, "बायनूं, कोलापुरासून कंपनीचा मिस्त्री येतोय उद्या सकाळी. गाडी उघडून बगनार हाय म्हने आतून. शेट म्हनले, पानी भरून ठेव, चिंध्या काढून ठेव." मी म्हटलं, ठेव मग, मला कशाला सांगतोस, मी काय गाडीची मालकीण आहे? चिंध्या माझ्या पेटीत असतात हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. मी सूप सरळ केलं, पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं, पण बोटं नुसतीच फिरत होती, खडा कुठला नि दाणा कुठला काही कळेना. माघात ते सगळं झालं आणि आता वैशाख चालू होता. इतके दिवस मी कोणाची तरी वाट बघत होते एवढं मला माहीत होतं. ती या मेल्या मिस्त्रीची वाट होती हे आत्ता कळलं. कारण मला त्याला एक गोष्ट विचारायची होती, चारचौघांत, यांच्या तोंडावर. बाबा रे, गाडी तुम्ही विकलीत, तिचं आतलं बाहेरचं सगळं तुम्हाला ठाऊक. तर मला एवढंच सांग, की एखाद्याची लेक मागच्या सीटवर मरत असेल तर ही गाडी किती जोरात नेता येते.

गाडी आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला आली. रत्नागिरीत तोवर मोटारी म्हणजे साहेबलोकांच्या, एकदोन वकिलांच्या, आणि उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या त्या खटारा लॉऱ्या. आंब्याच्या व्यापाऱ्याने मोटार घेतली म्हटल्यावर आळीतली माणसं नुसती बघायला येऊन गेली. ठेवायला जागा नाही म्हणून गोठ्याची एक भिंत पाडली, चिरे काढले, आणि गाईच्या शेजारी तिला नेऊन उभी केली. गाय दोन दिवस दूध देईना. मी नारळ फोडला, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि म्हटलं, बाई, सांभाळून ने आमच्या माणसांना. गाडी घेऊन आलेला कंपनीचा माणूस यांना सगळं समजावून गेला आणि जाताना एक इंग्रजी पुस्तक देऊन गेला. हे इंग्रजी शिकलेले नव्हेत. मग हायस्कुलातल्या एका मास्तरांना ओटीवर बसवून, चहा पाजून, त्या पुस्तकाचं मराठी करून घेतलं आणि ते रोज सकाळी आंघोळ झाल्यावर पोथी वाचावी तसं वाचू लागले. त्यात एक कलम होतं ते घरात सगळ्यांना पाठ झालं. नवीन गाडीचं इंजिन आतून घट्ट असतं, ते हळूहळू मोकळं होतं, म्हणून पहिले पाचशे मैल पंचवीसच्या वर जायचं नाही, चढावर ताण द्यायचा नाही, पाणी तापू द्यायचं नाही. मग पहिली तपासणी, जुनं तेल काढून नवीन घालायचं, सगळे स्क्रू आवळायचे, आणि मग काय हवी तेवढी पळवा. हे म्हणजे एखाद्याने चातुर्मासात कांदालसूण सोडावी तसा नेम झाला. रस्ता मोकळा असो, मागून लॉरीवाला भोंगा वाजवून वाजवून थको, वेगाचा काटा पंचविसावर. मी चेष्टा करायची, म्हणायची, चालत गेले असते तर आतापर्यंत देवळात पोचून प्रदक्षिणाही झाल्या असत्या. हे हसायचे. "नियम तो नियम," म्हणायचे. तेव्हा आम्ही दोघं हसत होतो हे आता खरंच वाटत नाही.

आणि गाडी घेतली ती काही मिरवायला नाही. आळीतल्या यमुनाबाई तसं म्हणायच्या, म्हणोत बापड्या. गाडी घेतली ती सगुणेसाठी. आमची एकुलती एक. संगमेश्वराकडे दिली होती, खातंपितं घर, जावई शांत. श्रावणात तिला दिवस गेल्याची बातमी आली आणि हे त्याच दिवसापासून रस्त्याचं बोलायला लागले. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची, आणि यायची ती बैलगाडीत हादरे खात, नाहीतर सर्व्हिसच्या लॉरीत कोंबड्यांच्या खुराड्यांबरोबर. मी म्हटलं, अहो, आम्ही काय पालखीत आलो होतो? बायका येतातच की. दुसऱ्या आठवड्यात हे कोल्हापूरला गेले आणि गाडी ठरवून आले. पंचविसाचा तो नियम ऐकला तेव्हा त्यांचा चेहरा काय खुलला होता. "अगो, हे बघ, कसं जुळून आलं," मला म्हणाले, "पोटुशी पोर आणायची तर आपण तरी याच्या वर कुठे नेणार होतो?" सातव्यात आणायला निघालो तर तिकडून निरोप आला, डोहाळजेवण इथेच करू, मग न्या. डोहाळजेवणाला आम्ही गेलो तोवर आठवा लागला. आठव्यात पोटुशीने नदी ओलांडू नये, असं तिच्या सासूबाईंनी सांगितलं, आणि मीही मान डोलावली, कारण माझ्या सासूबाईही तेच सांगायच्या. हे म्हणाले, गाडीला कसली आली नदी, पूल आहे, चाकाला पाणीसुद्धा लागणार नाही. पण बायकांच्या गोष्टीत पुरुषांचं कोण ऐकतं. नववा लागला की पहिल्याच दिवशी येतो असं सांगून आम्ही परत आलो, काटा पंचविसावर.

धाकू सांगून गेला त्या दुपारी हे वखारीतून आले. आंब्याचा हंगाम ऐन भरात होता. अंगाला पेंढ्याचा आणि पिकल्या आंब्याचा वास, धोतराला चीक, पण जेवून आडवे न होता सरळ गोठ्याकडे गेले. मी पडवीतून बघत होते. माघापासून गाडी जवळपास तशीच उभी होती. वखारीत ये-जा करायला हे तिला क्वचित काढायचे, मी तर पायरीवर पाऊलही ठेवलं नव्हतं. पाचशे मैल अजून भरलेही नव्हते, पण मिस्त्री गावातल्या बाकीच्या गाड्यांसाठी येतोच आहे तर आपलीही करून घ्यावी, असं कंपनीने कळवलं होतं म्हणे. यांनी धाकूला हाताशी घेऊन गाडी ढकलत बाहेर खळ्यात आणली. गाडीचा कापडी टप खाली केला. घासलेटचा डबा, तेल पडायला एक जुनी परात, पोती, पाण्याच्या कळश्या, सगळं ओळीने मांडलं. एखाद्या घरी सत्यनारायणाची तयारी करावी तसं आपलं चाललं होतं, एक जिन्नस इकडे, एक तिकडे. मला त्यांचा असा राग आला की माझे कान तापले. म्हटलं, केवढी ती निगुती, केवढी ती माया. माझ्या पोरीच्या वाट्याला यातली चिमूटभर आली असती तर. मी चिंध्यांचं गाठोडं नेऊन कठड्यावर आपटलं. त्यांनी मान वर केली नाही. चाकावरचा लाल धुरळा पुसत पुसत म्हणाले, "मागची सीट तेवढी पुसून घेशील? ती उचलून त्याच्याखाली बघायचं असतं त्यांना." या तीन-चार महिन्यांत मला त्यांनी सांगितलेलं हे बहुधा सगळ्यांत लांब वाक्य.

मी ओलं फडकं घेऊन आत चढले. चामडं उन्हाने तापलं होतं. डाव्या बाजूला, जिथे पाठ टेकतो तिथे नाही, बसायच्या जागेवर, हाताच्या पंजाएवढा काळपट डाग होता. खोबरेल तेलाचा. तिच्या केसांचा. मी त्या दिवशी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ते घसरून सारखं सीटवर जायचं, मी पुन्हा वर घ्यायची. तिच्या केसांना तेल पुष्कळ लागायचं, लहानपणापासून. न्हाऊ घालायच्या आदल्या रात्री वाटीभर तेल जिरवावं लागायचं आणि ती पाय आपटायची, आई, पुरे गो, मानेवरून ओघळ येतायत. मी फडकं हातात धरून त्या डागाकडे बघत बसले. मग वाकून वास घेतला. चामड्याचा वास होता आणि धुळीचा. मी बाकीची सीट पुसली, उजवीकडून, कडेकडेने, आणि तो डाग तसाच ठेवला. म्हटलं, त्या मिस्त्रीला सीट उचलायची आहे ना, उचलू दे, याच्यासकट उचलू दे.

त्या दिवशी, नववा लागायच्या आधीच, सकाळच्या लॉरीने तिकडचा माणूस निरोप घेऊन आला होता. पाय सुजलेत, डोकं दुखतं, बरं वाटत नाही, आई हवी म्हणते, येऊन न्या. एवढंच. आम्ही निघालो तेव्हा मी पुढे यांच्याशेजारी बसले होते, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. काटा माझ्या डोळ्यांसमोर होता, हलत नव्हता. मी म्हटलंसुद्धा, जरा ओढा की. हे म्हणाले, काही होत नाही, सुजतात पाय. आणि तिथे पोचलो तर पोर माजघरात पडलेली, चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला, वैद्य दाराशी उभा, आणि आमच्या देखत तिला आकडी आली. जावयाने आणि यांनी तिला उचलून गाडीत घातलं. मी मागे बसले, ऊन लागू नये म्हणून बाजूचे पडदे सगळे लावून घेतले. आत अंधार आणि उकाडा, दिसत होती ती फक्त यांची पाठ आणि टोपी. जावई पुढे बसला. आणि मग तो रस्ता. तो रस्ता संपतच नव्हता हो. मी किती वेळा तिच्या तोंडावरचा फेस पदराने पुसला, किती वेळा देवाचं नाव घेतलं, किती वेळा वाटलं की आता रत्नागिरी आली असेल, आणि पडदा बाजूला करून बघावं तर तेच कातळ, तीच करवंदीची जाळी, आपण जागचे हललोच नाही असं. माझ्या मनात सारखं येत होतं की पुढे तो काटा पंचविसावर उभा आहे आणि या माणसाला नियम मोडवत नाहीये. आणि वाटेत हातखंब्याला यांनी गाडी थांबवली. मी ओरडले, काय झालं, का थांबलात? हे उतरले. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, यांनी बॉनेट उघडलं होतं, वाफ येत होती, जावई कोणाच्या तरी दारातून कळशी घेऊन धावत येत होता आणि हे पाण्याच्या तोंडावरचं झाकण फडक्याने फिरवत होते. पाणी तापू द्यायचं नाही. कलम होतं ना तसं. माझी लेक माझ्या मांडीवर जात होती आणि हा माणूस गाडीला पाणी पाजत होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला उतरवली तेव्हा श्वास होता की नव्हता मला सांगता येणार नाही. बाई डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, आधी आणायला हवी होती.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं असताना मी बोलले. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण कोणीतरी म्हणालं, शेठ तरी काय करणार, देवाची इच्छा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की देवावर कशाला घालता, यांनी गाडी जपली आणि मुलगी घालवली, पंचविसावर आणली, पंचविसावर, हातखंब्याला थांबून पाणी पाजलं गाडीला. हे भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं होतं, काही बोलतील, रागावतील, नाही म्हणतील. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मान खाली घातली. जावई तेव्हा तिकडे होता, त्याच्या घरी, नाहीतर... नाहीतर काय ते आता बोलून उपयोग नाही. मान खाली घातली म्हणजे कबूल केलं, असं मी धरलं, आणि त्या दिवसापासून मी त्यावर जगले. सकाळी उठले की आधी तो राग उठायचा, मग मी. चूल पेटवायची, पाणी भरायचं, त्यांचं ताट वाढायचं, पण ताट ठेवून माघारी वळायचं. यमुनाबाई म्हणायच्या, आनंदीबाई, तुम्ही रडत का नाही, रडून मोकळ्या व्हा. मला मोकळं व्हायचंच नव्हतं. रात्री डोळे मिटले की तिचं डोकं मांडीवरून घसरायला लागायचं, तेव्हा मी मुद्दाम डोळ्यांसमोर तो काटा आणायची आणि मग राग यायचा, आणि राग आला की झोप लागायची. असं हे औषध होतं. दुसरं कुठलं माझ्यापाशी नव्हतं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आला. खाकी विजार, डोक्याला रुमाल, हसतमुख माणूस. दिवाळीत गाडी पोचवायला हाच आला होता, म्हणून तो तसाच मोकळेपणी बोलत होता. "काय वैनीसाब, फिरून आला का न्हाई गाडीतनं? गनपतीपुळं झालं?" त्याला ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. मी पडवीच्या कठड्याशी उभी राहिले, पदर खोचून, आणि तिथून हलले नाही. यमुनाबाई आपल्या दारात आल्या होत्या, आळीतली दोनतीन माणसं खळ्याच्या कडेला उभी होती, वखारीतले दोघं होते. माझ्या मनासारखी सभा जमली होती. हे गाडीपासून जरा लांब, माडाखाली उभे होते. त्यांच्या तोंडावर जी कळा होती ती मी ओळखली असं मला वाटलं. म्हटलं, भ्यायलेत. मी बोलणार हे कळलंय. मिस्त्रीने गाडी सुरू केली, कान लावून ऐकलं, बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा ऐकलं. त्याचं हसू जरा कमी झालं. मग पोतं अंथरून तो खाली सरकला आणि परातीत तेल सोडलं. काळंकुट्ट तेल धार धरून पडत होतं. तो बाहेर आला, परात ओढून उन्हात घेतली आणि बोट बुडवून दोन बोटांत चोळून बघत बसला. मला वाटलं, आता. मी म्हटलं, "मिस्त्री, एक विचारू? या गाडीला जोरात न्यायचं म्हटलं, कोणाच्या जिवाशी आलं म्हणून अगदी जोरात, तर ही किती पळेल?" मी बोलत होते मिस्त्रीशी आणि बघत होते यांच्याकडे. यांनी डोळे मिटून घेतले.

"नवी असताना पळवायचीच न्हाई, वैनीसाब," मिस्त्री बोटं बघतच म्हणाला. "पर पळवलीया की हिला कुनीतरी." आणि त्याने ती दोन बोटं यांच्याकडे करून दाखवली. काळ्या तेलात चंदेरी बारीक कण चमकत होते. "शेट, ह्ये काय केलंत? आतलं बेअरिंग खरवडून निघालंय. मी काय सांगून गेलो हुतो, पंचवीसच्या वर न्हाई. ही पन्नासाच्या म्होरं मारलीया, आन एका दमात. वाटंत पानी उकळलं असंल बगा. न्हाई उकळलं?" हे माडाखालून पुढे आले. "कोन चालवत हुतं?" मिस्त्रीने विचारलं. "मीच," हे म्हणाले. मिस्त्री मान हलवत राहिला. गाडी कोल्हापूरला न्यावी लागेल, इंजिन खाली घ्यावं लागेल, नशीब म्हणायचं की रस्त्यातच बंद पडली नाही, पाणी घातलंत म्हणून वाचली, नाहीतर तिथेच जाम होऊन बसली असती. तो बोलत होता आणि वखारीतले दोघं आमच्याकडे बघेनासे झाले. यमुनाबाई दारातून आत गेल्या. धाकू म्हणाला, मिस्त्री, हात धुवा, च्या घ्या.

मला पहिल्यांदा वाटलं ते असं की हा खोटं बोलतोय, याला यांनी पढवलंय. मग ते टिकेना, कारण पढवणारा माणूस असा उभा राहत नाही. आणि मग एकदम माझ्या डोक्याला टपाची कांब लागली. त्या दिवशी लागली होती. दोनदा की तीनदा मी सीटवरून उडाले होते आणि कपाळ वर आपटलं होतं, दोन दिवस टेंगूळ होतं, मी हातसुद्धा लावून बघितला नव्हता. पडदे फडफड फडफड करत होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून तर मी ओरडत होते. जावई दोन्ही हातांनी पुढची काच धरून बसला होता. सगुणेचं डोकं मांडीवरून घसरत होतं ते का घसरत होतं? जाताना माझ्या मांडीवरचा डबा जागचा हलला नव्हता. हे सगळं माझ्यापाशी होतं, इतके दिवस, माझ्याच अंगावर, आणि मी एका काट्याकडे बघत बसले होते जो मला मागून दिसतही नव्हता. हा माणूस पुढे बसून नियम मोडत होता. गाडी मरेल तर मरू दे म्हणून चालवत होता. आणि तरी ती गेली. राग जिथे असायचा तिथे मी हात घालून बघत होते आणि तिथे काही नव्हतं, आणि त्याच्यामागे ती होती, सगुणा, तशीच, सुजलेल्या तोंडाची, आणि आता मध्ये कोणी उभं नव्हतं. आधी आणायला हवी होती. ते आधी म्हणजे नेमकं कधी, हे मी त्या डॉक्टर बाईंना विचारलंच नव्हतं.

चहा घेऊन मिस्त्री वकिलांच्या गाडीकडे गेला. धाकू त्याची हत्यारं घेऊन बरोबर गेला. माणसं पांगली. हे गाडीच्या पायरीवर बसले होते, परातीतल्या तेलाकडे बघत. मी पडवीतून उतरून खळ्यात आले. उन्हाने जमीन भाजत होती, मला पायांना ते कळत होतं आणि सावलीत जावंसं वाटत नव्हतं. मी म्हटलं, "बोलला का नाहीत?" त्यांनी वर बघितलं. "दहाव्याला मी एवढं बोलले. सगळ्यांसमोर बोलले. त्यानंतर किती दिवस झाले. एका शब्दाने सांगितलं असतंत." त्यांनी परात पायाने जरा दूर सारली. मग म्हणाले, "काय सांगू? की जेवढी पळते तेवढी पळवली आणि तरी पोचलो नाही? ते सांगून तुझ्या हातात काय देणार होतो मी?" त्यांनी धोतराला हात पुसले. "आणि दुसरं म्हणजे," ते म्हणाले, "तू म्हणायचीस, सावकाश आणली म्हणून गेली. ते मला ऐकावंसं वाटायचं गो. म्हणजे जोरात आणली असती तर वाचली असती. म्हणजे वाचायची वाट होती, आपली चुकली एवढंच. तू बोलायचीस तेवढा वेळ मला ते खरं वाटायचं. रात्री पडल्या पडल्या मी तीच वाट पुन्हा जायचो, आणि पोचायचो."

मी म्हटलं, "आणि मी आता कोणावर रागावू?" मी हे त्यांना विचारलं खरं, पण भांडायला नाही. मला खरंच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "माझ्यावरच रागाव की. माझं काय जातंय?" असं म्हणून ते हसल्यासारखं करायला गेले आणि ते जमलं नाही. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, चिकाने काळे पडलेले, नखांत तेल. याच हातांनी चाक धरलं होतं, आणि मागे काय चाललंय ते यांना दिसत नव्हतं. मला माझी मांडी तरी होती, तिचं डोकं तरी होतं. यांना फक्त रस्ता होता आणि मागून येणारं माझं ओरडणं. आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाई डॉक्टर आल्या त्या माझ्याशी बोलल्या. मग मी जावयाच्या गळ्यात पडले. मग बायका आल्या, मग व्याही आले, मग सगळं गाव आलं. मी प्रत्येकाला सांगत होते, येईल त्याला सांगत होते. यांना कोणी सांगितलं? त्या वेळी हे गाडीजवळच उभे होते बहुधा. कोणीतरी बोलता बोलता ऐकलं असेल.

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. दिवसाढवळ्या, रस्त्यावरून दिसेल अशी, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून मी जन्मात बसले नव्हते. यमुनाबाईंची खिडकी उघडी होती, असू दे म्हटलं. त्यांच्या अंगाला आंब्याचा वास येत होता. मला रडू यायला लागलं होतं आणि ते थांबेल असं दिसत नव्हतं, म्हणून ते पूर्ण यायच्या आत मी घाईने बोलून घेतलं. मी म्हटलं, "अहो, आपली सगुणा गेली हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत्ताच कळल्यासारखं. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"हो गो," ते म्हणाले, "गेली."